तुका काय होया?

प्रेमलता खोबरेकरला रायफल शिकून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. म्हणजे पुढे कोणी तिला भाबडी म्हणायला नको.

एक खाकी सदरा, एक खाकी पायजमा आणि कॅनव्हासचे बूट, हे वरवरचं. संध्याकाळी दोन घटका माशांच्या पाटीपासून सुटका, हे जरा आतलं. आणि अगदी तळाशी, पदराच्या गाठीत बांधून ठेवावं तसं... एक अख्खं वर्ष. ज्या वर्षात तिच्या लग्नाचा विषय कोणी काढणार नव्हतं.

त्रेसष्ट साल नुकतं लागलं होतं. चीनची लढाई होऊन गेली होती आणि तालुक्यातालुक्याला रायफलचे वर्ग निघाले होते, बायकांसाठीसुद्धा. मालवणात हे कळल्या दिवशी प्रेमलताने आईपुढे विषय काढला. आई, यमुनाबाई, नवरा गेल्यापासून मासळी बाजारातली आपली जागा एकटीने राखून होती. तिने नाही म्हटलं नाही. तिने बोली केली.

"शिक हो, शिक. पास झालंस तर वरीसभर ह्या घरात लग्नाचा नाव निघूचा नाय. मी काढूचंय नाय, तू काढूचा नाय, आणि कोणाक काढूक दिवचंय नाय. पण नापास झालंस, तर मे म्हयन्यात काशीबायन सांगलेलो मुंबयचो झील येतलो, तेच्या म्होरं गप पाटार बसायचां. कबूल?"

"कबूल," प्रेमलता म्हणाली.

काशीबाई तिथेच सुपारी कातरत बसली होती. आसपासच्या गावांतली लग्नं जुळवणं हा तिचा छंद, आणि प्रत्येक लग्नातली मानाची साडी हा त्या छंदाचा खुराक. "मी साक्षीक आसय," ती म्हणाली. आणि साक्ष पक्की राहावी म्हणून दुसऱ्या दिवशी तिने वर्गात स्वतःचंही नाव घातलं. वय पंचेचाळीस. तिला तोलायला वीसेक रायफली तरी लागल्या असत्या.

यमुनाबाई एवढी उदार का झाली? कारण ती लेकीला ओळखून होती. शिमग्यात कोणी फटाकडीला वात लावली की प्रेमलता अंगणातून थेट माजघरात. माडाची झावळी पडली तरी ती डोळे मिटून खांदे कानाला लावायची. ही मुलगी रायफलचा बार काढणार? यमुनाबाईने मे महिना तेव्हाच आपल्या बाजूला मांडून टाकला होता.

वर्ग सुरू व्हायच्या दिवशी सकाळची गोष्ट. यमुनाबाई लिलावाला बंदरावर गेलेली, पाटीवर प्रेमलता एकटी. बांगडे ताजे होते, गर्दी होती, आणि समोर कोण उभं आहे हे मान वर करून बघायला तिला सवड नव्हती. खाकी पाटलोणीचे दोन पाय आले, थांबले, हलेचनात.

"तुका काय होया?" तिने विचारलं.

धाडकन् आवाज झाला. पायांशेजारी एक काळी ट्रंक पडली होती.

आता तिने मान वर केली. उंच, सावळा, ओठांवर कोरलेली मिशी. आणि चेहरा असा, की मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला असावा.

"तुम्ही... काय म्हणालात?"

"तुका काय होया, म्हटलंय. बांगडो होयो? तारली होयी? की नुसतो बघूक इलस?"

"नाही, मला—" तो थांबला. "रायफलच्या वर्गाचं मैदान कुठे आहे?"

"खंय ता इचारतस होय! असोच सरळ जा. पिंपळ लागलो काय उजवीकडे."

तो डावीकडे गेला. कोपऱ्यावर एकदा वळून बघितलं, मग पिंपळ सापडला असावा.

प्रेमलता कितीतरी वेळ हातात बांगडा धरून बसली. घाबरट माणसं तिला दुरून ओळखू यायची, ती स्वतः त्याच जातीची होती. हा त्यांतला नव्हता. मग दचकला कशाला? सुरी आपल्या हातात होती म्हणून? केसात खवला अडकला होता?

संध्याकाळी मैदानावर तोच उभा. "मी हवालदार तुकाराम शेडगे," तो म्हणाला. "माण तालुक्यातला. आजवरची नोकरी उत्तरेकडे, पलटणीत मराठी बोलायला मी एकटाच. तुमची भाषा मला नवी आहे, सांभाळून घ्या."

तुकाराम! तोंडावर हात दाबूनही प्रेमलताचं हसू फुटलंच. आपलं 'तुका' म्हणजे नुसतं 'तुला', पण बिचाऱ्याला वाटलं असणार, ही कोण कोळीण भर बाजारात आपल्याला घरच्या नावाने हाक मारतेय. कोडं सुटलं.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला वाटलं, नाही सुटलं. नाव ऐकून माणूस फार तर हसेल. ट्रंक कशी सुटेल हातातून?

रायफल चालवायची जागा गावाबाहेर, चिऱ्याच्या जुन्या खाणीत होती. तिन्ही बाजूंनी तांबड्या भिंती, एका टोकाला वाळूच्या गोण्यांवर निशाण, वर कडेला काजूची झाडं मोहरलेली. पहिले पंधरा दिवस नुसती रायफल धरायची, साफ करायची, तिच्या जोडीने पालथं पडायचं. मग एके दिवशी हवालदाराने खरी काडतुसं काढली.

"आता धक्का," तो म्हणाला. "गोळी सुटल्यावर बंदूक मागे येते. धक्क्याला भ्यायचं नाही. धक्का खांद्यावर घ्यायचा."

काशीबाईने हात वर केला. "हवालदारानू, धक्को तर बंदरार आसा. बोटी लागतत थंय. तो खांद्यार कसो घेवचो?"

बायका हसून लोळल्या. हवालदाराला हसावं की रागवावं कळेना, म्हणून तो फक्त तांबडा झाला. मग त्याने नीट समजावलं. दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट बसवायचा, हाडावर नाही. सैल धरलात तर बंदूक लाथ मारते. घट्ट धरलात तर अंगाला नुसती ढकलते. गाल दस्त्याला चिकटलेला. श्वास अर्धा सोडून धरायचा. आणि घोडा ओढायचा नाही, हळूहळू दाबत न्यायचा, एवढा हळू की बार कधी सुटला ते आपलं आपल्यालाही आधी कळता कामा नये.

काशीबाईची पहिली गोळी आभाळात गेली, पण तिची पापणी लवली नाही. प्रेमलताची गोळी पायांपुढच्या मातीत घुसली. दुसरीही. तिसरीही. बोटाला घोडा लागला की तिचे डोळे आपोआप मिटायचे, खांदा पुढे यायचा आणि नळी माती हुंगायला खाली वाकायची.

घरी यमुनाबाईने तिच्या खांद्यावरचा काळानिळा डाग बघितला, आंबेहळद उगाळली, ऊन लेप लावला. लेप लावताना ती गुणगुणत होती, हे प्रेमलताच्या ध्यानात आलं.

पुढच्या दिवशी हवालदार म्हणाला, "आज तुमची रायफल मी भरणार. तुम्ही बघायचं नाही."

ती पालथी पडली. त्याने पाठीमागे काहीतरी खटाखट केलं आणि रायफल हाती दिली. तिने नेम धरला, घोडा दाबला... डोळे मिटले, खांदा पुढे, नळी खाली. आणि नुसतं टिक् झालं. आत काडतूसच नव्हतं.

मागे बायका फसकन् हसल्या. प्रेमलताचे कान तापले. पण ती उठली नाही. पडल्या पडल्याच मान वळवून तिने त्याच्याकडे बघितलं.

"म्हंजे... धक्को नाय तरी मी दचकलंय?"

"हो."

"बंदूक उडाली नाय, आणि माझे डोळे मिटले?"

"बंदूक मागे येते ती गोळी गेल्यावर. तुम्ही पुढे जाता ती आधीच. गोळीला वाटेतच ढकलता तुम्ही."

प्रेमलताला लाज वाटायला हवी होती. वाटली कुतूहलाची गुदगुली. आपल्याच अंगात बसून आपल्याला न विचारता कोण हे डोळे मिटतंय? "परत भरा," ती म्हणाली. "मी बघतंय तेका."

त्याने परत भरली. कधी खरं काडतूस, कधी रिकामी. दर वेळी ती स्वतःवर पाळत ठेवून असायची, आणि दर वेळी तो आतला चोर तिच्या आधी उठायचा. वर्ग सुटला, बायका गेल्या, काशीबाईसुद्धा गुडघे चोळत गेली. ही आपली पडलेलीच.

"पुरे आता," हवालदार म्हणाला. "खांदा सुजेल."

"सुजांदे. माका एक सांगा, तुमी पयले कधी दचकलास?"

"सगळेच दचकतात पहिल्यांदा."

"मगे गेला कसा?"

तो तिच्यापासून हातभर लांब, चिऱ्यावर बसला. "माझ्या उस्तादाने मला एक लालूच दाखवली. म्हणाला, गोळी सुटते त्या क्षणी नळीच्या टोकाशी एक गोष्ट दिसते. पापणी उघडी असेल त्यालाच दिसते."

"काय दिसता?"

"ते सांगायचं नसतं."

"सांगा मा!"

"तुम्ही बघा आणि मला येऊन सांगा."

झालं. आता रात्री झोप कशी लागणार? नळीच्या टोकाशी काय असेल? ती घरी वेताची काठी घेऊन सराव करायला लागली. हवालदाराने युक्ती सांगितली होती: रिकामी रायफल धरायची, नळीवर काहीतरी ठेवायचं, घोडा दाबल्यावर ते पडता कामा नये. खाणीत त्याने त्यासाठी खिशातली सुटी नाणी काढली. प्रेमलताने कमरेच्या पिशवीतून तिसऱ्याचं, कालवणात घालतात त्यातलं, एक रिकामं शिंपलं काढलं.

"ह्या ठेवा. गोल असता, लगेच घसारता. ह्या रवला तर कायव रवतला."

शिंपलं ठेवायला तो वाकायचा. ठेवायचा, बोट काढायचा, आणि बोट काढल्यावरही तिथेच वाकलेला राहायचा... शिंपलं पडेल की काय म्हणून, दुसरं काय! टिक्. शिंपलं पडायचं. दोघांचे हात एकदमच मातीत ते शोधायला जायचे.

"तुमचा हात हलला," तो म्हणायचा.

"तुमचो श्वास लागलो शिंपल्याक," ती म्हणायची.

हळूहळू शिंपलं नळीवर राहायला लागलं. श्वास मात्र दोघांचेही वाढले.

आणि या दिवसांत प्रेमलताला आणखी एक शोध लागला. हवालदार निघताना दर वेळी थांबायचा. "प्रेमलताबाई, मी तुम्हाला—" म्हणायचा, डोळे खाली जायचे, आणि पुढे यायचं, "उद्या वेळेवर या." किंवा, "बुटांना माती लागलीय." एकदा तर, "आज वारा पश्चिमेचा आहे." मालवणात वारा आणखी कुठला असणार?

"हवालदारानू," ती शेवटी म्हणाली, "तुमची गोळी मातीत जाता रोज."

"म्हणजे?"

"म्हंजे काय ता तुमीच शोधा. आणि त्या दिवशी बाजारात कित्याक दचकलास, ता सांगा."

तो चिऱ्यावरची माती नखाने खरवडायला लागला. मग म्हणाला, "घरी मला तुका म्हणायचे. म्हणायची. आईच फक्त. मी सीमेवर असताना ती गेली, मला चार महिन्यांनी कळलं. त्यानंतर त्या नावाने मला कोणी हाक मारली नाही... मी बसमधून उतरलो, अनोळखी गाव, आणि कोणीतरी खाली मान घालून विचारलं, तुका, काय हवंय?" तो हसला. "आई असंच विचारायची. मान वर न करता. भाकरी थापताना."

प्रेमलताने मातीत पडलेलं शिंपलं उचललं, पुसलं आणि परत पिशवीत ठेवलं.

एरवी 'तुमी' म्हणता म्हणता मधेच तिच्या तोंडून 'तुका' सुटायचं; त्या दिवसापासून तिने त्याला 'तुका' म्हणणं सोडलं. आईचं नाव ते, आपण येताजाता कसं वापरायचं? ती जिभेला आवर घालून 'तुमका' म्हणायला लागली. तुमका पाणी होया? तुमका काडतुसा देव? आणि हवालदाराचा चेहरा दर 'तुमका'ला एवढासा व्हायचा. त्याला वाटलं, आपण सांगितलं ते चुकलं. ही लांब गेली.

दोघंही एकमेकांचा मान राखत होती आणि दोघंही कुढत होती. हे कळलं कोणाला? काशीबाईला. लग्नं जुळवणाऱ्या बाईचे कान काही रायफलीने बधिर होत नाहीत.

"यमुने," ती भर बाजारात यमुनाबाईच्या शेजारी फतकल मारून म्हणाली, "तुझा चेडू मामलेदाराक तुका म्हणता, भटजीक तुका म्हणता. आणि त्या एकट्या हवालदाराक तुमका! काय समाजलंस?"

यमुनाबाईची सुरी सुरमईत अर्ध्यावर थांबली. "मे म्हयनो लांब नाय," एवढंच ती म्हणाली.

गोष्ट हवालदाराच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी त्याने प्रेमलताला सगळ्यांच्या समोर, ताठ उभं राहून सांगितलं, "आजपासून तुमचा सराव तुम्ही एकटीने करा. परीक्षेला मी रत्नागिरीहून बाहेरचा परीक्षक मागवलाय. तुम्ही पास झालात तर ती तुमची कमाई असली पाहिजे. माझ्यामुळे झालात, असं कोणी म्हणता कामा नये."

"मी पास होतलंय ह्या कोणी सांगल्यान तुमका?" ती फणकारली.

पण त्याचं बरोबर होतं, म्हणून तर तिला एवढा राग आला. आणि रागात नळीवरचं शिंपलं परत पडायला लागलं.

परीक्षा मार्चअखेरीच्या एका संध्याकाळी झाली. पाच गोळ्या, तीन तरी वर्तुळात हव्यात. परीक्षक म्हणजे पिकल्या मिशांचे एक निवृत्त सुभेदार, ते कोणाकडे बघून हसले नाहीत. काशीबाईच्या पाचही गोळ्या खाणीने गिळल्या. ती तशीच शांतपणे उठून सुपारी काढून बसली. यमुनाबाई कधी नव्हे ती बाजार लवकर आवरून खाणीच्या कडेला काजूखाली उभी होती. हवालदार मागे, बायकांच्या रांगेच्याही मागे.

प्रेमलता पालथी पडली. खळगीत दस्ता, गाल चिकटलेला. तिच्या मनात चक्र चाललं होतं. नापास झालं तर मे महिन्यात पाटावर बसायचं. पास झालं तर? वर्ग संपला, हवालदार उद्याच्या बोटीने जाणार. कसाही बार काढा, लागणार आपल्यालाच.

पहिली गोळी मातीत.

दुसरी मातीत. लाल माती उडून तिच्या कपाळावर पडली. वरून यमुनाबाईचा श्वास तिला ऐकू आला, की तसं वाटलं.

आता तिन्ही लागायला हव्या होत्या. तिने डोळे पुसले. आणि पुसता पुसता तिच्या मनात, अगदी अवेळी, तीच जुनी खाज आली. उद्या हा माणूस जाईल. नळीच्या टोकाशी काय दिसतं ते आपल्याला कोण सांगणार? आपण एवढे दिवस मातीत लोळलो, आणि ते बघितल्याशिवायच जायचं?

शी! पास-नापास राहू दे बाजूला. बघून तर घेऊ.

तिने अर्धा श्वास सोडला. खाणीत सावली उतरली होती, नळीचं टोक काळं, स्वच्छ दिसत होतं. ती त्या टोकाकडे बघत राहिली, आणि बोट आपलं हळूहळू दाबत गेलं, दाबत गेलं—

टोकाशी काहीतरी उमललं. केशरी, एवढंसं, आणि गेलंसुद्धा. बंदुकीने खांद्याला नुसतं मागे ढकललं, घाईत असलेल्या शेजारणीने ढकलावं तसं.

"वर्तुळात," सुभेदार म्हणाले.

तिने ऐकलंच नाही. तिला परत बघायचं होतं. चौथीला नीट दिसलं. पाचवीला तर ती हसतच होती.

"वर्तुळात. वर्तुळात. पास." सुभेदारांनी मिशीला हात लावला. त्यांच्यात हसू म्हणतात ते बहुधा तेच.

माणसं पांगली. काडतुसांच्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या असतात. हवालदार त्या वेचत होता. प्रेमलता आली आणि समोर बसून वेचायला लागली.

"केसरी," ती म्हणाली.

तो थांबला.

"काजूचा बोंड कसा पिकता, तसा. बारीक. मगे धूर."

"मला पिवळं दिसतं," तो म्हणाला. "अभिनंदन, प्रेमलताबाई. मी तुम्हाला—" डोळे खाली गेले. "पुंगळ्या दोन कमी आहेत."

"थांबा!" ती म्हणाली. "आता रायफल मी भरतंय. तुमी नेम धरा. मी इचारतंय, तुमी लगेच जबाब द्यायचो. काय सवाल रिकामे, एकात गोळी. खंयच्यात, ता सांगूचंय नाय."

त्याने मान डोलावली.

"जेवलास?"

"जेवलो."

"काशीबायची एकतरी गोळी लागली?"

"डोंगराला लागली."

"मालवण आवडला?"

"आवडलं."

"बांगडो आवडता?"

"मी माळकरी आहे. मासे नाही खात."

"अरे देवा," ती पुटपुटली. "उद्या बोटीन जातलास?"

"जाणार."

"तुका मी होयी?"

"हो."

शब्द बाहेर पडल्यावर त्याला कळलं काय विचारलं होतं. पापणी लवली नव्हती. धक्का मागाहून आला. तो पुंगळ्यांसकट मागे चिऱ्यावर टेकला.

"नेम बरो आसा," प्रेमलता म्हणाली, आणि मग मात्र तिनेच दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्याच संध्याकाळी, सगळी हिंमत गोळा करून, हवालदार यमुनाबाईच्या ओसरीवर जाऊन उभा राहिला. काशीबाई होतीच. त्याने एका दमात सांगितलं: घर, जमीन, नोकरी, मागे कोणी नाही, प्रेमलताशी लग्न करायचं आहे.

यमुनाबाईने कंदिलाची वात वर केली. "माणूस बरो आसस. पण पोरगी पास झाली मा?"

"झाली."

"मगे झाला तर. बोली काय होती? वरीसभर ह्या घरात लग्नाचा नाव निघूचा नाय. माझ्या तोंडान नाय, तिच्या तोंडान नाय, कोणाच्याच नाय. तू आता काढलंस ता पाव्हणो म्हणून सोडलंय."

"आये!" दाराआडून प्रेमलता.

"काशीबाय, तू साक्षीक होतंस."

"होतंय," काशीबाई म्हणाली. मे महिन्यातली साडी बुडालीच होती. आता दुसरी वर्षभर लांबत होती. पण साक्ष ती साक्ष.

प्रेमलताने जे मागितलं होतं ते तिला पुरेपूर मिळालं. आईने कणभर कमी दिलं नाही.

हवालदार बोटीने गेला, आणि खटपट करून कोकणातलेच वर्ग मागून घेत राहिला. देवगड, वेंगुर्लं, कुडाळ. सुटी मिळाली की बसने मालवण. दोघं यमुनाबाईच्या नजरेसमोर ओसरीवर बसायची आणि तो एक शब्द सोडून सगळं बोलायची.

"रत्नागिरीत एक खोली बघितलीय," तो सांगायचा. "खिडकीतून समुद्र दिसतो."

"कोणासाठी बघितलंस?"

"नाव काढायची बंदी आहे."

"चूल एका बाजूक आसा की दोन? माळकऱ्याचा जेवण एका चुलीर, माझे बांगडे दुसऱ्या."

"दोन चुली मांडता येतील."

"कोण मांडतला?"

"त्याचंही नाव काढता येत नाही."

आत यमुनाबाई भांडी जरा जोरात आपटायची. हसू लपवायला, असं गावाला वाटायचं.

चौसष्टच्या एप्रिलात लग्न झालं. आता कोणी काय भरलं ते बघू. मुंबईच्या मुलाचं काही गेलं नाही. त्याला काशीबाईने मे महिन्यातच आपली भाची दाखवली होती, तो खूश. काशीबाईला दोन लग्नांच्या दोन साड्या. तिच्या इतकं वर कोणीच निघालं नाही. हवालदाराने वर्षभर बसचे हेलपाटे घातले, प्रेमलताने वर्षभर जीभ दाबून धरली. पण विचारलं तर दोघं म्हणतात, ते वर्ष काही वाईट गेलं नाही.

राहिली यमुनाबाई. बोलीचा शब्द तिने एवढा घट्ट का धरला, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. मनात आणलं असतं तर तिने त्याच मे महिन्यात बार उडवून दिला असता. हवालदार तर तिला पहिल्याच संध्याकाळी पसंत होता. पण लेक खरीच जाणार हे समोर दिसल्यावर तिने शब्दाच्या आडून लेकीचं एक वर्ष मागून घेतलं होतं, दुसरं काही नाही. तेही संपलं.

प्रेमलता रत्नागिरीला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी यमुनाबाई नेहमीसारखी बाजारात बसली. बांगडे आले होते. तिने फळीवर वाटे लावले. यमुनाबाईच्या वाट्यात उगाच एक मासा जास्त पडल्याचं मालवणात आजवर कोणी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी प्रत्येक वाट्यात एक बांगडा जास्त पडत होता, आणि ते तिच्या ध्यानात येत नव्हतं. गिऱ्हाइकांच्या आलं. माणसं वाटे उचलून गुपचूप निघून गेली.